निळ्या धुराची वेळ

माजिवडा नाक्यावर उभं राहून धूर बघावा. पूर्व द्रुतगती महामार्ग मुंबईहून इथवर येतो, नाशिककडे जाणारी वाहनं साकेतच्या पुलाकडे सरकतात, घोडबंदर रस्ता कापूरबावडीपासून सुटतो आणि जुना आग्रा रस्ता बाळकुम, कशेळीवरून भिवंडीची वाट धरतो. एवढ्या वाटांची वाहनं एकाच जागी येऊन अडतात. वर उड्डाणपूल, मेट्रोचे खांब, त्यामुळे खाली वारा फारसा फिरत नाही. धावत्या गाडीचा धूर रस्ताभर सांडून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तो जागच्या जागी राहतो. सिग्नल हिरवा होतो, पुढची रांग हलते, आणि त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत प्रत्येक गाडी आपल्या पोटात काय चाललंय ते सांगून टाकते.

डिसेंबरातल्या सकाळी पांढरा धूर सगळ्यांचाच असतो. खाडीकडून गारवा आलेला असतो, सायलेन्सरच्या तोंडून पांढरा लोट निघतो आणि हातभर अंतरावर विरून जातो. ती नुसती वाफ. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दिवसभर त्याचाच विचार करत होते. पेट्रोलमधला हायड्रोजन, हवेतला ऑक्सिजन, आणि सकाळच्या गर्दीत आपण सगळे थोडं थोडं पाणी हवेत सोडत कामावर निघालेले. इंजिन तापलं की ही वाफ दिसेनाशी होते. गाडी चांगली गरम होऊनही पांढरा धूर दाटच राहिला, त्याला गोडसर वास असला, तर मात्र आत कूलंट जळतंय. हेड गॅसकेट गेलं असेल किंवा हेडला तडा गेला असेल. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ताकावर येणाऱ्या लोण्यासारखा पिवळट थर दिसला तर शंका आणखी पक्की होते. अर्थात जवळजवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत असा थोडा थर एरवीही धरतो, म्हणून घाबरण्याआधी कूलंटची पातळी उतरतेय का ते बघावं.

काळ्या धुराचं गूढ नाही. पेट्रोल जास्त, हवा कमी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक अडकलेला असतो, नव्या गाडीत इंजेक्टर गळतो किंवा एखादा सेन्सर चुकीचं सांगतो, आणि दोन्हींत एअर फिल्टर धुळीने भरलेला असू शकतो. न्हावाशेव्याहून मुंब्रा बायपासने येऊन घोडबंदरकडे वळणारे कंटेनर चढावर काळा फराटा ओढतात, तो डिझेलचा. तो सगळ्यांना दिसतो, सगळे त्याला नावं ठेवतात.

माझं मन गुंततं ते निळ्या धुरात.

निळा धूर खरं तर फार निळा नसतो. करडा असतो आणि त्यावर निळसर झाक असते. मागे काळपट बस उभी असेल तर ती झाक स्पष्ट दिसते. तोच धूर मावळत्या उन्हाकडे तोंड करून बघितला तर तपकिरी वाटतो. जळता जळता अर्धवट राहिलेल्या ऑइलचे अतिसूक्ष्म थेंब त्यात तरंगत असतात, आणि इतके बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल याने 1860च्या दशकात काचेच्या नळीतल्या धूसर वाफांतून प्रकाश सोडून हेच पाहिलं होतं. माजिवड्याहून पश्चिमेला नजर टाकली तर इमारतींच्या फटींतून येऊरचे डोंगर निळे दिसतात, तिथेही हवेनेच प्रकाश असा विखुरलेला असतो. डोंगराचा निळा आणि खराब इंजिनाचा निळा एकाच घरातला आहे, हे मला विलक्षण वाटतं. एकाकडे बघून डोळे निवतात, दुसऱ्याने चुरचुरतात.

या धुराची एक अडचण अशी की तो ज्याचा असतो त्याला दिसत नाही. गाडी चालवणारा पुढे बघतो, धूर मागे पडतो. आमच्या गाडीचंही तसंच झालं. नाक्यावर मागचा स्कूटरवाला बाजूला आला, काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "मॅडम, गाडी ऑइल खातेय. निळा मारतेय मागून." त्याच्या आवाजात राग नव्हता. सिग्नल सुटला आणि तो खारेगावच्या दिशेने निघून गेला. परक्या माणसाने थांबून, हेल्मेटची काच वर करून एवढं सांगावं, याचं मोल मला फार वाटतं. त्या संध्याकाळी मी ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

गाडी 2004 सालची, बाबांनी घेतलेली. 2019 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा नोंदणी पुढे वाढवली, 2024 मध्ये पुन्हा. तोवर फी 600 रुपयांवरून 5000 झाली होती. 1 एप्रिल 2022 पासूनचा तो नियम. बाबांनी पैसे भरले, कारण गाडी त्यांच्या मते "अजून रुळलेलीसुद्धा नाही". वय एकवीसच्या पुढे, पण धाव एक लाख किलोमीटरच्या आत. बाबांचं आयुष्य वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून गेलं. त्यांना लोखंडाची झीज हाताला कळते. धुराचं ऐकलं आणि त्यांनी जागेवरूनच निकाल दिला: "रिंगा गेल्या."

त्यांच्या पिढीत तो निकाल बहुधा बरोबरच यायचा. त्यांनी गाडी शिकली ती प्रीमिअर पद्मिनीवर. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभी केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याचा कारखाना, तिथे तयार होणारी फियाट 1100, पुढे 1974 पासून तिलाच मिळालेलं पद्मिनी हे नाव. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर याच कंपनीचा दुसरा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथून प्यूजो 309 बाहेर पडल्या. ठाणे-कल्याण पट्ट्यातले किती तरी फिटर, टर्नर आणि गॅरेजवाले या कारखान्यांच्या आसपास घडले. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन खोलायला सोपं आणि सोशिक. ऑइल खायला लागली की इंजिन उतरवायचं, बोअर काम करायचं, थोडे मोठ्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा टाकायच्या, की गाडी पुन्हा उभी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी अशी कितीदा तरी नवी सुरुवात केली असेल. त्यांतली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर 2023च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. बाबांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र रद्दीत घालू दिलं नाही.

आमचे मिस्त्री बाळकुमच्या रस्त्याला असतात. पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी बाबांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ताई, धूर कधी येतो?"

रंग विचारला नाही. वेळ विचारली. आणि तिथून पुढे मला या सगळ्या प्रकरणाचं खरं दार उघडलं.

पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरून ठेवतात, तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते. रिंगा झिजल्या की इंजिनावर जोर येतो तेव्हा, म्हणजे चढावर, भरलेली गाडी ओढताना, धूर सलग येतो. पिकअप पडतो. गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं तर तिथून धूर धपाधप बाहेर येतो. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. वॉल्व्हच्या सीलची तऱ्हा वेगळी. वॉल्व्हच्या दांडीवर बसलेली ही रबराची टोपी वरचं ऑइल खाली झिरपू देत नाही. ती कडक झाली की रात्रभर उभ्या गाडीत थेंब थेंब दांडीवरून उतरतो आणि सकाळी चावी फिरवताच निळा भपका येतो, मग सगळं शांत. दुसरी वेळ गर्दीतली. इंजिन नुसतं घुरघुरत उभं असतं तेव्हा थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि आतली पोकळी जबर ओढ घेते, साधारण 18 ते 20 इंच पाऱ्याइतकी. ती ओढ सैल सीलमधून ऑइल आत खेचत राहते. दोन-तीन मिनिटं असं साचतं आणि ॲक्सिलरेटर दाबला की एकदम जळतं. म्हणजे माजिवड्याचा लांबलेला सिग्नल हीच या आजाराची तपासणी. रिकाम्या रस्त्यावर जी गाडी निरोगी दिसते ती या नाक्यावर सापडते.

"सकाळी आणि सिग्नलला," मी म्हणाले.

"मग घाटात बघू."

घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा घाट लहान आहे, पण या कामाला पुरतो. मी गाडी चालवत होते, बाबा शेजारी, भाचा मागे स्कूटरवर, तीन गाड्यांचं अंतर ठेवून. चढताना त्याला काही दिसलं नाही. उताराला मी गाडी गिअरमध्येच ठेवून पाय पूर्ण काढून घेतला. इंजिन गाडीला मागे ओढत होतं, खाडी झाडांमागून मध्येच चमकत होती, बाबा गप्प होते. उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दिला. रस्त्याच्या कडेला थांबलो तेव्हा भाचा हेल्मेट काढत म्हणाला, "मावशी, ढगच आला." चढावर धूर नाही, उतारानंतर ढग. दोष वरच्या अंगाला आहे, खालच्या नाही. बाबा एवढंच म्हणाले, "हवा तरी मोजा." ते कॉम्प्रेशनला हवा म्हणतात, जुने लोक म्हणतातच.

मिस्त्रींनी आधी सर्वांत स्वस्त गोष्ट बघितली. पीसीव्ही वॉल्व्ह म्हणून बोटाच्या पेराएवढा एक तुकडा असतो, क्रँककेसमधला वायू परत इंजिनाकडे नेणारा. तो घाणीने अडकला तरी गाडी ऑइल खाऊ लागते, आणि काही लोक तो न बघताच इंजिन खोलतात. मिस्त्रींनी तो काढला, कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजली, म्हणजे ठीक. मग चारही स्पार्क प्लग. एकावर ओला काळा थर, दोनांवर थोडा, चौथा कोरडा, बदामी. मग गेज लावून एकेका सिलिंडरची हवा मोजली: 165, 170, 168, 172. काटा असा एकसारखा चढला की बाबांच्याही चेहऱ्यावर समाधान आलं. आकडा कुठे कमी आला असता तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं असतं. ऑइलने फट बुजून आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह. इथे त्याची गरज पडली नाही. पण मिस्त्री प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "वरच्या दोन रिंगा चांगल्या आहेत एवढंच हे सांगतं, ताई. ऑइलची रिंग कार्बनने धरली असेल तर ती या काट्यात दिसत नाही."

इंजिनाचं हेड न उतरवता सील कसे बदलतात, ते मी त्या दुपारी स्टुलावर बसून पाहिलं. वॉल्व्हवरची स्प्रिंग काढली तर वॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये निसटणार. म्हणून मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडली, वावभर, वेटोळी होत जाईल अशी, आणि तिचं टोक गाठ मारून बाहेर ठेवलं. मग पाना लावून इंजिन हाताने अगदी सावकाश फिरवलं. पिस्टन वर आला, दोरी दाबली गेली, आणि पाना एका जागी मऊपणे अडला. दोरीने वॉल्व्ह खालून उचलून धरले होते. रॉकर आधीच बाजूला झाले होते. ऑइल खाली जाण्याच्या भोकांत फडकी कोंबली, कारण वॉल्व्हच्या टोकाचं लॉक म्हणजे तांदळापेक्षा थोडे मोठे दोन तुकडे, आत पडले तर सगळं इंजिन खोलावं लागेल. स्प्रिंग दाबून त्यांनी ते तुकडे चुंबकाने उचलले. जुना सील पकडीने ओढून माझ्या तळहातावर ठेवला. मी नखांनी दाबला तर तो दबला नाही, कडाक करून तुटला. नवा सील बोटांत दबून पुन्हा फुगत होता. रबराने एकवीस वर्षं इंजिनाची धग सोसली होती. लोखंड किलोमीटरने झिजतं, रबर वर्षांनी. आमची गाडी थोडी चालली पण खूप जगली होती, आणि बाबांचा टर्नरचा हात लोखंडाचा हिशेब करत होता. सोळा वॉल्व्ह, सोळा सील, संध्याकाळपर्यंत काम चाललं. बाबांनी तुटलेला सील बराच वेळ बोटांत फिरवला.

गाडी हजार किलोमीटरमागे लिटरभर ऑइल खात असेल तर त्याचा अर्थ काय, हे मी कागदावर मांडून बघितलं. किलोमीटरला एक मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब, म्हणजे दर पन्नास मीटरला एक थेंब. बहुतेक लोक म्हणतील, थेंबाने काय होतं? पण ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी घातलेले जस्त आणि फॉस्फरस असतात. ते जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतात आणि त्याला हळूहळू निकामी करतात. भारतात चार महानगरांत 1995 पासून नव्या पेट्रोल गाड्यांना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला; शिसं त्याला मारतं म्हणून शिसंविरहित पेट्रोल आलं, 2000 साली देशभर. एवढी खटपट करून आणलेली वस्तू एका कडक झालेल्या रबराच्या टोपीपायी वाया जाते आणि मग कार्बन मोनॉक्साइडसकट सगळं जसंच्या तसं बाहेर पडतं. कन्व्हर्टर चांगला असेपर्यंत तो ऑइलचा बराचसा धूर गिळतोही, त्यामुळे धूर न दिसता ऑइल उतरत राहतं. म्हणून ऑइलच्या पट्टीवर विश्वास ठेवावा. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, एकदा पुसून, एकदा बुडवून.

पीयूसी या बाबतीत पुरेसं नाही. आमच्या वयाच्या पेट्रोल गाडीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएम ही मर्यादा आहे. निळ्या भपक्याला त्यात रकाना नाही, आणि इंजिन गरम करून नेलेली गाडी त्या वेळी भपका सोडतही नाही. जुनी गाडी विकणारे हेच करतात: गिऱ्हाईक येण्याआधी गाडी तापवून ठेवतात, आत जाड ऑइल भरतात. विकत घेणाऱ्याने आधी बॉनेटला हात लावावा. गरम लागलं तर चहा घेऊन, तासाभराने नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं.

माजिवड्याच्या नाक्यावर वाहतूक पोलीस दिवसभर उभे असतात. फुलं, गजरे, मोबाइलचे होल्डर विकणारी मुलं गाड्यांमधून फिरतात, त्यांची उंची सायलेन्सरपासून फार वर नसते. स्कूटरवर पुढे उभी केलेली पोरं असतात. गाडी माझी, तिच्यावर जीव बाबांचा, आणि धूर मात्र यांच्या छातीत. जुनी गाडी ठेवायला माझी ना नाही. नीट चालणारी वस्तू भंगारात घालणं मला पटत नाही. पण ती ठेवायची तर तिच्या मागे कोण उभं आहे ते बघूनच ठेवली पाहिजे, आणि नुसतं ऑइल ओतत राहणं म्हणजे ठेवणं नव्हे. कुणी जाड ऑइल सुचवतं, कुणी बाटलीतलं औषध. त्याने धूर काही दिवस दबतो, कारण जागेवरच राहतं.

सील बदलल्यावर सकाळचा भपका बंद झाला. नाक्यावर भाच्याने मागे राहून दोनदा बघितलं, काही नाही. पट्टीवरचं ऑइल मात्र अजून उतरतंय, पूर्वीपेक्षा पुष्कळ सावकाश, पण उतरतंय. बाबा लगेच म्हणाले, "मी सांगितलं होतं." मिस्त्री हसले नाहीत, त्यांनी मान हलवली. ऑइलच्या रिंगेची भोकं कार्बनने बुजली असावीत, असं आता तिघांचंही मत आहे. थोडं चालून खूप उभ्या राहिलेल्या गाडीत तेही होतं. इंजिन पुरतं तापतच नाही, काजळी धरत जाते. बाबांना 20 डब्ल्यू 50 ऑइल टाकायचंय, मिस्त्री पुस्तकात दिलेल्या पातळ ऑइलवर ठाम आहेत, आणि मी मिस्त्रींच्या बाजूची आहे: जाड ऑइल थंड इंजिनात वरपर्यंत पोहोचायला वेळ घेतं, आणि कडक होणारं सगळं वरच बसलेलं आहे.

या शनिवारी प्लगच्या भोकांतून कार्बन सोडवणारं द्रावण घालून गाडी रात्रभर उभी ठेवायची. रविवारी ते काढून, ऑइल आणि फिल्टर बदलून तिला लांब पळवायची, शहापूरवरून कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत. बाबा येणारच म्हणाले. भाचा मित्राच्या मोटरसायकलवर मागे असेल, आणि त्याला बाबांनी नीट बजावलंय: उताराकडे लक्ष देऊ नकोस, या वेळी चढ बघ. चढावर सलग धूर दिसला तर बाबांचं खरं, आणि मग अर्धं इंजिन खोलायचं, हे मिस्त्रींनीही कबूल केलंय.